प्यादे दिले कशासाठी? टू नाइट्स डिफेन्समधील एका डावाचा प्रकरण अभ्यास

हा बुद्धिबळाचा डाव सोलापुरातल्या एका खुल्या स्विस स्पर्धेतला. शाळेचा हॉल, दुपारचा राउंड, वेळ प्रत्येकी ९० मिनिटे आणि दर खेळीला ३० सेकंद वाढीव. दोन्ही खेळाडू अठराच्या आतले, म्हणून नावे दिलेली नाहीत. पांढऱ्याचे रेटिंग १५४०, काळ्याचे १६५५. कागदावर काळा वरचढ होता आणि ओपनिंगची तयारीही त्याचीच चोख होती. तरीही तो ३१ खेळ्यांत हरला. तो ओपनिंगच्या सापळ्यात सापडला नाही की त्याने वजीरही फुकट घालवला नाही, म्हणूनच हा डाव तपासण्याजोगा आहे.

खेळ्या लिहिण्याची पद्धत नेहमीचीच: रा, व, ह, उं, घो म्हणजे अनुक्रमे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्याद्याला अक्षर नाही, फक्त घर. मारण्याला ×, शहाला +, राजाच्या बाजूच्या किल्लेकोटाला ०-०, चुकीच्या खेळीला ?, आणि आकड्यापुढे ... असेल तर खेळी काळ्याची. ह-ए-डी८ म्हणजे ए-पट्ट्यातला हत्ती डी८ ला.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५

तिसऱ्या खेळीला काळ्याने दुसरा घोडाही बाहेर काढला, तोच टू नाइट्स डिफेन्स. आता एफ७ वर उंट आणि घोडा असा दुहेरी मारा. टार्राशसारख्या जर्मन गुरूने या खेळीला अनाड्याची खेळी म्हटले होते, कारण सोंगट्या बाहेर काढायच्या सोडून एकच घोडा दुसऱ्यांदा हलवला. खेळी मात्र मेली नाही. जिल्हा पातळीवर, विशेषतः बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून येणाऱ्या लहान मुलांच्या गटांत, ही खेळी दर राउंडला कुठल्या ना कुठल्या बोर्डावर दिसतेच, कारण तयारी नसलेला काळा इथेच कोसळतो.

४...डी५ ५. ई×डी५ घो-ए५

पाचवी खेळी ही पहिली चाळणी. नैसर्गिक वाटणारे ५...घो×डी५ घेतले की ६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व-एफ३+ रा-ई६ ८. घो-सी३ असा 'फ्राइड लिव्हर' सुरू होतो. काळ्याचा राजा पटाच्या मध्यभागी, डी५ चा घोडा जखडलेला, आणि बचाव करायचा तर एकामागून एक नेमक्या खेळ्या सापडायला हव्यात. हा हल्ला सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. ६. डी४ हीसुद्धा तितकीच जहाल वाट आहे. काळ्याने हे सगळे टाळून घोडा ए५ ला नेला, सी४ च्या उंटावर. इथपर्यंत त्याने मिळून दोन मिनिटेही घेतली नव्हती.

६. उं-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उं-ई२ एच६ ९. घो-एफ३ ई४ १०. घो-ई५ उं-डी६ ११. डी४ ई×डी३ १२. घो×डी३ व-सी७

ओपनिंगच्या कोशात ही वाट सी५९ या क्रमांकाखाली येते. आठव्या खेळीला पांढऱ्याला उं-डी३ आणि व-एफ३ असेही पर्याय असतात. उं-डी३ ला ८...घो-डी५ आणि व-एफ३ ला ८...ह-बी८ ही उत्तरे पक्की हवीत. नवव्या खेळीला घो-एच३ अशी विचित्र दिसणारी चालही आहे. तेव्हाचा जगज्जेता श्टाइनिट्झ याने १८९०-९१ च्या तारेवरील सामन्यात ती चिगोरिनविरुद्ध खेळून हार पत्करली, आणि पुढे जगज्जेता झालेल्या फिशरने १९६३ मध्ये बिसगायरविरुद्ध तीच खेळून डाव जिंकला.

११...ई×डी३ ही 'एन पासन' मार. नवख्या गटात या खेळीवर हमखास हात वर होतो आणि पंचांना बोलावले जाते. दोन घरे उडी मारलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने लगेच पुढच्याच खेळीला मारता येते, नंतर नाही. इथे तसा काही प्रश्न आला नाही.

आता बाराव्या खेळीनंतरची स्थिती नीट मोजू. पांढऱ्याची सहा प्यादी, काळ्याची पाच. म्हणजे काळा एक प्यादे मागे. त्या बदल्यात काय मिळाले ते पांढऱ्याच्या बारा खेळ्या मोजल्या की दिसते. पाच खेळ्या एकाच घोड्याच्या: एफ३, जी५, पुन्हा एफ३, ई५, डी३. तीन एकाच उंटाच्या: सी४, बी५, ई२. उरलेल्या चार प्याद्यांच्या. बारा खेळ्या खर्चून पांढऱ्याच्या दोनच सोंगट्या बाहेर आहेत, तर काळ्याचे दोन घोडे, उंट आणि वजीर असे चौघे कामावर आहेत. पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, सी१ चा उंट आणि बी१ चा घोडा अजून घरात बसले आहेत. एका प्याद्याची किंमत काळ्याने वेळेच्या रूपाने वसूल केली आहे, आणि वेळ ही टिकणारी वस्तू नाही. पुढच्या आठ-दहा खेळ्यांत तिचे काहीतरी करून घेतले नाही तर पांढरा आरामात सोंगट्या बाहेर काढतो आणि हातात उरते फक्त एक कमी प्यादे.

व-सी७ चा तातडीचा मुद्दा एच२. पांढऱ्याने इथे घाईने १३. ०-० केले असते तर १३...उं×एच२+ ने प्यादे लगेच परत गेले असते. म्हणून १३. एच३ किंवा १३. बी३. पांढऱ्याने एच३ पसंत केली.

१३. एच३ ०-० १४. ०-० उं-एफ५ १५. घो-डी२

चौदाव्या खेळीनंतर काळ्याच्या घड्याळात ९२ मिनिटे होती. वाढीव वेळेमुळे ९० वर गेलेला आकडा सांगतो की तोवर सगळे पाठांतरातून आले होते. त्याची तयारी चौदाव्या खेळीला संपली. घो-डी२ त्याच्या तयारीच्या फाइलमध्ये नव्हती.

१५...उं×डी३?

डाव इथे फिरला. खेळायला मिनिटभरही लागले नाही. डाव संपल्यावर प्रशिक्षकांनी विचारले, "उंट का दिलास बे?" उत्तर आले, "सर, तो घोडा लई आडवा येत होता."

घोडा आडवा येत होता हे खरेच आहे. डी३ वरून तो ई५, सी५, एफ४ या तिन्ही घरांवर नजर ठेवून होता, आणि पांढऱ्याची तीच सगळ्यात चांगली बसलेली सोंगटी होती. म्हणून ही मार डोळ्याला बरी वाटते. पण हिशेब करा. ज्या घोड्यासाठी पांढऱ्याने पाच खेळ्या मोजल्या तो मारून काळ्याने आपला चांगला उंट दिला. मारताना ई२ वर निवांत बसलेला उंट डी३ वर आला, थेट एच७ कडे तोंड करून. म्हणजे पांढऱ्याला एक खेळी फुकट मिळाली. शिवाय दोन उंटांची जोडी आता पांढऱ्याकडे. आणि प्यादे मागे असताना सोंगट्यांची एक जोडी पटावरून गेली, जे नेमके पांढऱ्याला हवे होते.

इथे १५...ह-ए-डी८ खेळायला हवे होते. मग १६. घो-एफ३ घो-ई४, दुसरा हत्ती ई८ ला, सी५ पुढे ढकलून सी४ ने डी३ च्या घोड्याला हाकलायचे. तोच 'आडवा' घोडा प्याद्याने हलतो, त्यासाठी उंट द्यावा लागत नाही. ए५ चा घोडा कडेला आहे म्हणून घाबरायचे कारण नाही, पण त्याचे परतीचे घर आधीच ठाऊक हवे. १६. बी४ आले तर घो-बी७. त्या जागी १६...उं×बी४ ही हाव महागात पडते: १७. घो×बी४ आणि काळ्याकडे एका प्याद्याच्या बदल्यात गेलेल्या सोंगटीची भरपाई नाही.

१६. उं×डी३ ह-ए-डी८ १७. घो-एफ३

काळ्याच्या मनात उं-एच२+ आणि मागोमाग ह×डी३ असा उघडा मारा होता. पण डी३ ला सी२ चे प्यादे राखते. ह×डी३, सी×डी३ म्हणजे हत्ती देऊन उंट. त्यात घोडा एफ३ वर आल्यावर एच२ वरचा शहच संपला, उंट तिथे गेला तर घोडा त्याला मारतो. या नसलेल्या धमकीवर काळ्याने बारा मिनिटे घालवली.

१७...ह-एफ-ई८ १८. उं-डी२ घो-बी७ १९. ह-ई१ ह×ई१+ २०. व×ई१ ह-ई८ २१. व-एफ१ घो-सी५ २२. ह-ई१ ह×ई१ २३. व×ई१ घो×डी३ २४. सी×डी३

या सात-आठ खेळ्यांत काळ्याने जे समोर आले ते मारले. प्यादे मागे असलेल्याने सोंगट्या राखायच्या आणि प्यादी मारायची, पुढे असलेल्याने उलट, हा नियम शाळकरी मुलालाही पाठ असतो. इथे काळा तो नियम उलटा खेळत होता, आणि कारण त्याने स्वतःच सांगितले: पटावर कमी सोंगट्या असल्या की चूक कमी होते असे त्याला वाटले. बरोबरीच्या स्थितीत ते चालते.

सगळ्या अदलाबदली मात्र सारख्या वाईट नव्हत्या. २१...घो-सी५ समजण्यासारखी आहे. बी७ चा घोडा निष्क्रिय होता, आणि तो देऊन पांढऱ्याच्या उंटांची जोडी फोडली तर डी३ चे प्यादेही एकटे पडते. पांढऱ्याने २२. उं-सी४ ने उंट राखायला हवा होता. त्याच्याही खेळात भोके आहेत. चुकीचे होते ते दोन्ही हत्ती देणे. २२...ह×ई१ च्या जागी २२...ह-डी८ खेळून हत्ती पटावर ठेवता आला असता. ई चा उभा पट्टा पांढऱ्याला मिळाला असता, पण डी३ च्या एकट्या प्याद्यावर हत्तीनेच दाब येतो. हत्ती गेल्यावर ते कमजोर प्यादे कमजोर राहिले नाही, कारण त्याच्यावर मारा करायला कोणी उरले नाही.

२४व्या खेळीनंतर पटावर प्रत्येकी वजीर, एक उंट, एक घोडा. पांढरा: रा-जी१, व-ई१, उं-डी२, घो-एफ३, प्यादी ए२, बी२, डी३, एफ२, जी२, एच३. काळा: रा-जी८, व-सी७, उं-डी६, घो-एफ६, प्यादी ए७, सी६, एफ७, जी७, एच६. घड्याळात काळ्याची सहा मिनिटेही नव्हती. पंधराव्या खेळीला मिनिटभर विचार न करणाऱ्याने पुढच्या आठ खेळ्यांत जवळपास दीड तास वापरला, आणि तो बहुतेक डाव कुठे बिघडला हे शोधण्यात गेला.

पाच मिनिटांखाली आल्यावर त्याने खेळ्या लिहिणे थांबवले. पंचांनी येऊन लिहायला लावले. पाच मिनिटांच्या आत लेखन थांबवण्याची सूट दर खेळीला ३० सेकंद किंवा अधिक वाढीव वेळ नसेल तरच मिळते. इथे ३० सेकंद होते, म्हणून शेवटपर्यंत लिहिणे बंधनकारक. राहिलेल्या खेळ्या भरण्यात त्याचीच वेळ गेली. जिल्ह्यातल्या अनेक मुलांना हा फरक माहीत नसतो, कारण बहुतेक स्पर्धा रॅपिडच्या असतात आणि तिथे लिहावेच लागत नाही.

२४...व-बी६ २५. उं-सी३ घो-डी५ २६. उं-डी४ सी५?

व-बी६ ने बी२ वर मारा, उं-सी३ ने बचाव आणि शिवाय एफ६ च्या घोड्यावर नजर, घो-डी५ ने उंटाला टोचले, उंट डी४ वर जाऊन उलट वजिरावर आला. तोवर ठीक. वजीर सरकवायचा होता: २६...व-सी७ ने ए७ चे प्यादेही राखले जाते आणि काळा एक प्यादे मागे राहून झुंजत राहतो. काळ्याने त्याऐवजी उंटावर प्यादे घातले. डी५ च्या घोड्याला आधार होता तो फक्त सी६ च्या प्याद्याचा. ते प्यादे सी५ ला गेल्या क्षणी घोडा उघडा पडला.

२७. व-ई८+ रा-एच७?

२७...उं-एफ८ हीच खेळी होती. तेवढ्याने डाव वाचला असे म्हणवत नाही, २८. घो-ई५ ने एफ७ वर पुन्हा दाब येतो. पण राजा एच७ वर गेला की पुढचे सरळ आहे.

२८. व-ई४+ जी६ २९. व×डी५ सी×डी४ ३०. व×एफ७+ रा-एच८ ३१. व×जी६ आणि काळ्याने हात मिळवला.

ई४ वरून वजिराने राजावर शह दिला आणि त्याच वेळी डी५ चा घोडा टिपला. काळ्याने डी४ चा उंट परत घेतला खरा, पण वजीर एफ७, जी६ खात गेला. शेवटच्या स्थितीत पांढऱ्याची सहाच्या सहा प्यादी शाबूत, काळ्याची तीन: ए७, डी४, एच६. ३१...व×बी२ केले तर ३२. व×एच६+ रा-जी८ ३३. व×डी६ आणि उंटही जातो, कारण वजीर बी६ सोडून गेल्यावर डी६ ला राखणारे कोणी नाही.

डाव कुठे हरला हे शोधताना बहुतेकांचे बोट २६व्या आणि २७व्या खेळीवर जाते. इंजिनही, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅमही, तिथेच मोठी घसरण दाखवते, आणि पालक मोबाइलवर तोच आकडा दाखवून मुलाला रागावतात. त्यातून काही हाती लागत नाही. तीन मिनिटे उरलेला खेळाडू चुकणारच. प्रश्न असा आहे की त्याच्याकडे तीनच मिनिटे का उरली, आणि उरली तेव्हा पटावर दोन हत्ती आणि एक उंट कमी का होते. दोन्हींचे मूळ १५...उं×डी३ मध्ये आहे. इंजिनच्या लेखी ती मोठी चूक दिसत नाही, लहानशी घट दिसते. पण तिथून पुढे काळ्याकडे योजना नव्हती. योजना नसली की प्रत्येक खेळी पहिल्यापासून विचार करून खेळावी लागते आणि घड्याळ पळते.

पाठांतराला दोष देण्यात अर्थ नाही. या ओपनिंगमध्ये पाठांतर नसेल तर पाचव्या खेळीलाच फ्राइड लिव्हर पानात पडते. कमी पडले ते पाठांतराच्या पुढचे एक वाक्य: व-सी७ नंतर काळा काय करतो. त्याच्या फाइलमध्ये चौदाव्या खेळीनंतर इंजिनचा आकडा होता आणि खाली काही नव्हते. तिथे निदान एवढे असायला हवे: हत्ती डी८ आणि ई८ वर, सी५-सी४ ने डी३ च्या घोड्याला हाकला, एफ६ चा घोडा ई४ ला, मग गरज पडल्यास एफ७ चे प्यादे पुढे, बी४ आले तर ए५ चा घोडा बी७ ला, एफ५ चा उंट डी३ वर स्वतःहून देऊ नका.

सरावाची पद्धतही त्यावरूनच ठरते. बाराव्या खेळीनंतरची स्थिती पटावर मांडायची, १५ मिनिटे अधिक १० सेकंद लावायचे, आणि काळ्याने ओळीने तीन डाव खेळायचे. पहिल्या डावात अट एकच: विसाव्या खेळीपर्यंत काळ्याने आपणहून एकही सोंगटी मारायची नाही, पांढऱ्याने मारली तरच परत मारायची. ही अट शहाणपणाची नाही, कधी कधी फुकटचे प्यादेही सोडावे लागेल. पण सोंगट्या पटावर ठेवून दाब कसा वाढतो हे हाताला कळते. दुसऱ्या डावात अट काढायची. तिसऱ्यात रंग बदलून पांढऱ्याकडून खेळायचे, म्हणजे कुठली अदलाबदल आपल्याला हवीहवीशी वाटते ते लक्षात येते.

घड्याळासाठी वेगळा उपाय. स्कोअरशीटवर पाचव्या, दहाव्या, पंधराव्या अशा दर पाचव्या खेळीला उरलेला वेळ लिहायचा. नियमात त्याला आडकाठी नाही. आणि तयारी संपल्याची पहिली अनोळखी खेळी समोर आली की तिथेच थांबायचे, आठ-दहा मिनिटे द्यायची. या डावात ती खेळी १५. घो-डी२ होती आणि घड्याळात ९२ मिनिटे होती. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारच्या राउंडला कूलर असला तरी तिसऱ्या तासाला डोके जड होतेच. अवघड विचार पहिल्या तासात उरकलेला बरा, आणि दुपारी जेवताना कडक भाकरी-शेंगाचटणी बेतानेच.

रेटिंगचा हिशेब राहिला. फरक ११५ गुणांचा, म्हणून काळ्याकडून अपेक्षित गुण ०.६६. अठराच्या आतल्या आणि २३०० खाली असलेल्या खेळाडूला के-गुणांक (एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा) ४०. हार म्हणजे ४० गुणिले ०.६६, वजा २६.४. पांढऱ्यालाही तोच गुणांक असल्याने तेवढेच मिळाले. पुढच्या राउंडला त्याच काळ्याला पुन्हा काळ्याच सोंगट्या आल्या आणि समोरच्याने १. डी४ खेळले.